एक्केचाळीस विहिरींचा नंबर

वडवणीच्या आसपास फिरलात तर काही विहिरींच्या कठड्यांवर पांढऱ्या ऑइल पेंटने लिहिलेला एक नंबर दिसेल. खाली मालकाचं नाव असतं. नवखा माणूस विचारतो, हा वीज मंडळाचा नंबर का? कुणाला वाटतं विहीर सरकारजमा होणार आहे. गंमत म्हणजे एक्केचाळीस विहिरींवर एकच नंबर आहे. तो विहिरीचा नाहीच, एका नियतकालिकाचा आहे. विहिरींवर तो कसा आला हे सांगायचं तर आधी वनिताबद्दल सांगायला हवं.

वनिता बन्सी जोगदंड ही माझी विद्यार्थिनी. वडील बन्सी रस्त्यावर खडी टाकणाऱ्या गँगमध्ये होते, आई मुक्ताबाई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. आजोबांनी छप्पन्न सालानंतर दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात पोरीलाही शाळेतून काढायचं नाही असा नियम होता, आणि तो पाळला जायचा. वनिता अभ्यासात बरी होती, पहिली वगैरे कधी आली नाही. पण तिला एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटी करून बघायची आणि विचारायची, "गुरुजी, हे कुठून आलं?" खडूच्या खोक्यावर कारखान्याचा पत्ता होता. तिने सगळ्या वर्गाकडून त्या पत्त्यावर पोस्टकार्ड लिहवून घेतलं, की खडू कशाचा करता ते कळवावं. उत्तर आलं नाही. पुढं वर्षभर दर शनिवारी ती मला विचारायची, "आलं का?"

अंबाजोगाईला बी. ए., औरंगाबादला ग्रंथालयशास्त्र, आणि शहाण्णव साली ती आमच्या गावातल्या सिद्धमाळ महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून लागली. नवरा चौसाळ्याच्या शाळेत शिक्षक. दोघं सकाळी दोन वेगळ्या दिशांच्या एस. टी. धरत. निवृत्तीनंतर मी रोज तिच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रं वाचायला जाऊ लागलो, म्हणून पुढचं बरंचसं माझ्या समोर घडलेलं आहे.

ग्रंथालय म्हणजे पत्र्याचा एक लांब हॉल. त्यात वनिताने एक कपाट वेगळं ठेवलं होतं. तालुक्यात जे जे छापलं जाई ते त्यात जायचं. सोसायट्यांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, यात्रेची पत्रकं, आणि इथून निघणारी तीन नियतकालिकं. त्यांतलं एक कॉलेजचं, एक शिक्षकांच्या मंडळाचं, आणि तिसरं धर्मराज तांदळे यांचं 'पाणलोट'.

तांदळे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. उंच, वाळके, बोलायला तोडके. त्र्याण्णव सालापासून ते वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि ऑक्टोबरात, ठरलेल्या एक्केचाळीस विहिरींचं पाणी मोजत. खुणा केलेली दोरी आणि टोकाला लोखंडी बोल्ट, एवढंच सामान. शेतकरी विहिरीची खोली परसात सांगतात. उभा माणूस हात वर करून जेवढा होतो तेवढा एक परस. तांदळे परस ऐकून घेत आणि मीटर लिहीत. मग मालकाला वाचून दाखवून त्याची सही किंवा अंगठा घेत. हे आकडे सोळा पानांच्या अंकात छापून ते विहीरवाल्यांना फुकट वाटत. विहीरवाले अंक बघून ठेवून देत, आणि पुढच्या मोजणीपर्यंत तो कुठं गेला हे कुणालाच ठाऊक नसे. सगळे अंक एका जागी होते ते फक्त वनिताच्या कपाटात.

दोन हजार चार साली वनिताने ते सगळे अंक स्कॅन करून कॉलेजच्या वेबसाइटवर चढवले. तांदळ्यांनी आनंदाने तो पत्ता पुण्याच्या एका अभ्यासकाला कळवला. पुढच्या वर्षी कॉलेजने वेबसाइट दुसरीकडे हलवली आणि पुण्याहून पत्र आलं की या पत्त्यावर काहीच नाही.

तांदळे ते पत्र घेऊन ग्रंथालयात आले.

"बाई, घर बदललं तर पोस्टमनला तरी म्हाईत असतं. तुमच्यात पोस्टमन न्हाई का?"

प्रश्न वनिताच्या डोक्यात बसला. पुण्यातल्या एका पाच दिवसांच्या कार्यशाळेला ती गेली आणि परत आली ती एक सीडी घेऊन. मला म्हणाली, "गुरुजी, तांदळेसाहेबांचा पोस्टमन सापडला."

मी तिला समजावून सांगायला लावलं. तिने माझ्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक पोराला एक नंबर असतो. पोरगं गाव सोडतं, पोरीचं लग्न होऊन नाव बदलतं, शाळाही नव्या इमारतीत जाते, पण नंबर तोच राहतो आणि दुसऱ्याला कधी दिला जात नाही. तसाच नंबर आता नियतकालिकांना देता येतो. आधी संस्थेचा आकडा, मग तिरपी रेघ, मग त्या अंकाचा किंवा नियतकालिकाचा क्रमांक. जगात कुठंही, इंटरनेटवरच्या नेमून दिलेल्या पानावर हा नंबर टाकला की ती वस्तू सध्या कुठं आहे तिथं तो नेऊन सोडतो. पत्ता बदलला तर आपण फक्त कळवायचं. नंबर बदलत नाही.

"आणि संस्थेचा आकडा कोण देतं?" मी विचारलं.

"ते सगळं सीडीत आहे," ती म्हणाली.

संगणक विभागाचे मृत्युंजय विभूते यांनी ती सीडी घालून ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर स्कॅन केलेले अंक ठेवायचं भांडार उभं केलं. लोडशेडिंगमुळे त्याला तीन आठवडे लागले. तिन्ही नियतकालिकं त्यात गेली, आणि 'पाणलोट'ला नंबर आला: १२३४५६७८९/१४. वनिताने आमच्यादेखत तो टाकून बघितला. अंक उघडले. प्राचार्यांना तर इतका आवडला की म्हणाले, "पाठच करायला नको. कॉलेजचं नशीब म्हणायचं."

तांदळे मात्र नंबराकडे बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो बदलणार न्हाई?"

"नाही."

"मी गेल्यावर?"

"तुम्ही गेल्यावर नाही, मी गेल्यावरही नाही."

तांदळ्यांनी त्याच उन्हाळ्यात रंगाचा डबा घेतला. अंक हरवतात, विहीर काही हरवत नाही, हा त्यांचा हिशेब. मोजणीच्या फेरीत त्यांनी एक्केचाळीस कठड्यांवर तो नंबर रंगवला. लोकांनी विचारलं की सांगत, "तुमच्या पाण्याचा सगळा इतिहास ह्या नंबरात हाय. कायमचा." शिवाय नंबर छापलेला अंक त्यांनी दहा-बारा लांबच्या ग्रंथालयांना टपालाने पाठवला.

त्यांतल्या एकाचं उत्तर दोन हजार सातच्या फेब्रुवारीत आलं. धारवाडच्या एका कॉलेजचे ग्रंथपाल रवि हिरेमठ यांचं. मजकूर थोडा, पण नम्र. तुमचा अंक आवडला. त्यावरचा नंबर मी जागतिक पानावर टाकून पाहिला, तर असा नंबर अस्तित्वात नाही असं आलं. मग आमच्याच ग्रंथालयात पाहिलं. आमच्याकडेही १२३४५६७८९/१४ आहे, आणि तो सुपारीच्या झाडावरील रोगाचा लेख आहे. आम्हीही कालपर्यंत हा नंबर आमचाच समजत होतो.

वनिताने पत्र दोनदा वाचलं, मला वाचायला दिलं, आणि उठून कॉम्प्युटरपाशी गेली. जागतिक पान उघडायला त्या दिवशी वीस मिनिटं लागली. नंबर टाकला. हिरेमठांनी लिहिलं तेच आलं.

तिने विभूतेसरांना बोलावलं. ते आले, बघितलं आणि कपाळाला हात लावून हसले.

"अहो मॅडम, तो नमुन्याचा आकडा असतो. संस्थेने अर्ज करून आपला घ्यायचा आणि तो तिथं भरायचा. भरायचा राहिला."

"पण इथं तर उघडत होता."

"इथं उघडणारच. आपलाच कॉम्प्युटर आपल्यालाच विचारतोय. घरातल्या घरात हाक मारल्यासारखं."

"एक, दोन, तीन, चार," वनिता स्क्रीनकडे बघत म्हणाली. "आणि मी विचारलं नाही हा कुठून आला."

विभूते म्हणाले, "कुणाला कळतंय? धारवाडचा एक माणूस सोडला तर? गुपचूप नवा घेऊ."

"एक्केचाळीस विहिरींवर लिहिलाय तो, सर," वनिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती मला म्हणाली, "गुरुजी, येता का बरोबर? तुम्ही काही बोलू नका. नुसतं या."

तांदळे ओट्यावर दोरी पसरून तिच्या खुणा पट्टीला लावून तपासत होते. दोरी ताणते, म्हणून दर वर्षी ते हे करत. वनिता बसलीसुद्धा नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. नंबर खोटा आहे, चूक माझी आहे, विभूतेसरांची नाही. त्यांनी सांगितलं ते मी तपासायला हवं होतं.

तांदळ्यांनी पट्टी खाली ठेवली.

"म्हंजी कसं? छापील अर्जावर नमुना म्हणून 'अमुक तमुक' लिवलेलं असतं. आन आपण आपलं नाव 'अमुक तमुक'च ठेवलं?"

"हो. तसंच."

"आन धारवाडवाल्यानं बी?"

"त्यांनी बी. बाहेर अजून बरेच असतील."

तांदळ्यांच्या तोंडावर हसू येतंय असं मला क्षणभर वाटलं, पण आलं नाही. ते म्हणाले, "मी लोकांना सांगितलं, कायमचा हाय. माझं चौदा वर्षांत कुणी एक रीडिंग खोटं म्हणलेलं न्हाई."

मग ते वनिताकडे वळले.

"बाई, पहिला नंबर तुमी सांगितला म्हणून रंगवला. दुसरा तुमी सांगून रंगवणार न्हाई. लांबच्या कुणी तरी उघडावा आन मला वाचून दाखवावा. मेच्या मोजणीला निघंपर्यंत. न्हाई झालं, तर सगळ्यांवर डांबर फासतो आन माझे अंक तुमच्या कपाटातून घेऊन जातो."

घरी येताना वनिता म्हणाली, "घेऊन गेले तर ते पत्र्याच्या पेटीत ठेवतील. त्यांच्या मागं ती पेटी कोण उघडणार?" तिला राग नव्हता आला. ती पेटीचाच विचार करत होती.

हातात तीन महिने होते. अर्ज अमेरिकेतल्या एका संस्थेकडे करायचा होता आणि त्यासाठी प्राचार्यांची सही हवी होती. प्राचार्यांना मुळात जुना नंबर सोडायचाच नव्हता. नव्याला दरवर्षी थोडी फी आहे हे कळल्यावर ते खुर्चीत मागं टेकले.

"दरवर्षी? मग तो कायमचा कसला, मॅडम?"

मला हा प्रश्न अगदी रास्त वाटला. वनितालाही वाटला असावा.

"आपण लक्ष द्यायचं थांबलो की तो पण थांबतो, सर. हे मला आधी माहीत नव्हतं. आता सगळ्यांना असंच सांगणार आहे."

"असं सांगितलं तर सही करायला कोण तयार होईल?"

"भांडार उभं करताना 'कायमचा' असं खोटं सांगून एकदा घेतली की तुमची."

प्राचार्यांनी सही केली. वर वनिताने आणखी एक कागद पुढं केला: ग्रंथपाल कुणीही असो, दर जानेवारीत ही फी भरण्याचं आणि बदललेला पत्ता कळवण्याचं काम त्याचं, असा ठराव. त्यावरही सही झाली. तो ठराव आजही ग्रंथालयात हजेरीपटाशेजारी काचेखाली आहे.

मार्चच्या शेवटी संस्थेचा आकडा आला. पाच आकडी, वाकडातिकडा, लक्षात ठेवावं असं त्यात काहीही नव्हतं. वनिताने तो ईमेलवरून कागदावर उतरवला, मग कागदावरून ईमेलशी ताडून पाहिला, मग मला वाचायला लावून स्वतः ताडला. विभूतेसरांना म्हणाली, "आता मला दाखवत दाखवत करा. प्रत्येक ठिकाणी विचारणार आहे." विभूते नंतर स्टाफरूममध्ये सांगत होते की लग्नाच्या वेळी सासऱ्यांनीसुद्धा मला इतके प्रश्न विचारले नव्हते.

एप्रिलच्या वीस तारखेला कसोटी ठरली. वेळ अकराची, कारण त्या आठवड्यात दहा ते दोन वीज असायची. वीज नसली की आमचा कॉम्प्युटर बंद, आणि कॉम्प्युटर बंद म्हणजे नंबर कितीही खरा असला तरी दार लावलेलं. वनिताने हेही तांदळ्यांना आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलं."

तांदळे पिशवीत चौदा वर्षांच्या मोजणीच्या वह्या घेऊन आले. ऑफिसातला स्पीकरचा फोन ग्रंथालयात आणला होता. धारवाडला हिरेमठ लागले. त्यांचं मराठी कानडी हेल काढून चालायचं.

"नमस्कार हो मॅडम. टाकतो बघा नंबर. आमचं नेट जरा सावकाश हाय." बराच वेळ नुसती खरखर. तांदळे फोनकडे असे बघत होते की जणू त्यातून दोरी वर येणार आहे. "आलं बघा. 'पाणलोट'. वर एक विहिरीचं चित्र हाय."

"चित्र ऱ्हाऊ द्या," तांदळे फोनवर वाकून म्हणाले. "शहाण्णवचा मे काढा. विहीर नंबर सहा."

"सहा… म्हाळू शेंडगे. अकरा मीटर चाळीस."

तांदळ्यांनी वहीवर बोट ठेवलं. "बरोबर. एकोणीसशे नव्व्याण्णव, ऑक्टोबर, विहीर बावीस."

"चार मीटर पाच."

"बरोबर."

असं चाललं. एक झालं की दुसरं. हिरेमठांनीही कुठं घाई केली नाही. मला वाटतं त्यांनाही आपल्या सुपारीच्या लेखासाठी हेच करायचं होतं. साधारण पंधराव्या आकड्याला ते म्हणाले, "दोन हजार तीन, मे. विहीर सतरा. नऊ मीटर वीस."

तांदळ्यांचं बोट वहीवर थांबलं. "काय म्हणालात?"

"नऊ वीस."

"नऊ सत्तर हाय."

वनिताचा चेहरा उतरला. ती उठून कपाटाकडे गेली, त्या वर्षीचा छापील अंक काढला आणि तांदळ्यांपुढे उघडून धरला. अंकात नऊ वीस छापलं होतं. वहीत नऊ सत्तर होतं, खाली अंगठा होता.

हिरेमठ फोनवर विचारत होते, "काय झालं हो? आमचं चुकलं काय?"

"न्हाई," तांदळे म्हणाले. "माझं चुकलंय. प्रुफं मीच तपासली होती." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चार वर्षं झाली. कुणी सांगितलं न्हाई मला."

"कुणी उघडूनच पाहिलं नव्हतं ना," वनिता म्हणाली.

तांदळे म्हणाले, "आता हे कुठं दुरुस्त करायचं? जुना अंक बदलायचा न्हाई. छापलं ते छापलं."

"अंक तसाच ठेवू. शुद्धिपत्र वेगळं चढवू आणि त्याला त्याचा नंबर देऊ. अंक उघडणाऱ्याला शेजारीच दिसेल."

"मग लिवा. मी सांगतो तसं लिवा. 'ही चूक संपादकाची आहे.'" मग फोनकडे वळून म्हणाले, "हिरेमठसाहेब, हायसा का? पुढचं वाचा."

पावणेदोनपर्यंत ते वाचत होते. वीज जायच्या आधी तेरा मिनिटं फोन ठेवला.

मे महिन्यात तांदळे मोजणीला निघाले तेव्हा सुट्टी असल्याने वनिता बरोबर गेली. काळ्या आणि पांढऱ्या रंगाचे डबे तिच्याकडे. पाच दिवसांत एक्केचाळीस विहिरी. तांदळे दोरी सोडत, ती जुना नंबर काळ्याने झाकून नवा लिहायची, आणि मालकाला स्वतः सांगायची की आधीचा नंबर चुकीचा होता, तो मी दिला होता. काहींनी नुसती मान हलवली. एक जण म्हणाला, "आमी कुठं बगितला होता?" म्हाळू शेंडग्यांनी चहा केला आणि तिच्याकडून नवा नंबर बिडीच्या पाकिटावर लिहून घेतला, तोही एक आकडा चुकवून. तिने ते पाकीट परत मागून दुरुस्त करून दिलं.

शेवटच्या दिवशीच्या शेवटच्या विहिरीपाशी मीही होतो. ती बायनाबाईंची. वय सत्तरीच्या पुढं, विहीर नवऱ्याच्या मागं त्यांच्या नावावर झालेली. त्या बाभळीच्या सावलीत बसून वनिताचं रंगवणं बारकाईने बघत होत्या.

"कावून पुसतेस गं? चांगला तर हाय की."

वनिताने सांगितलं. सगळं, इतर चाळीस जणांना सांगितलं तसं. बायनाबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"आन ह्यो बी चुकला तर?"

"चुकला, नायतर आमच्याकडून बंद पडला, तर मी परत येऊन सांगीन. मी नसले तर माझ्या जागी जी कोण असंल ती येईल. तसं लिवून ठेवलंय कॉलेजात."

दोरी वर ओढून तांदळ्यांनी आकडा सांगितला, "दहा मीटर पंचावन्न." बायनाबाईंनी परसात किती ते विचारलं, तांदळ्यांनी सांगितलं, त्यांनी अंगठा दिला. मग उठून कठड्यापाशी आल्या आणि ओल्या अक्षरांकडे डोळे बारीक करून बघू लागल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कुठली ओळ नंबराची आणि कुठली आपल्या नावाची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"नंबर येवढा मोठा आन माझं नाव येवढंसं? विहीर कुणाची हाय? रंग हाय न्हवं आजून डब्यात?"

वनिताने डबा तिरका करून बघितला. तळाला थोडा होता. तिने कुंचला बुडवला आणि नाव पुन्हा लिहायला बसली.